मंगळवारची पंगत

सकाळी ७:१५

मंगळवारी अत्तर नाही, सुगंधी साबण नाही, हाताला क्रीम नाही. डासाच्या मादीला माणसाचा वास लांबून कळतो, आणि आज तिने माझ्याकडे नव्हे तर काचेच्या वाटीकडे जायचं असतं. केळं खाऊन, कॉफी पिऊन सायकल काढते.

नायमेखन हे नेदरलँड्सच्या पूर्वेचं शहर, जर्मनीची सीमा हाकेच्या अंतरावर. इथे मलेरिया नाही. पूर्वी होता, समुद्राकाठच्या ओलसर भागात व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया चांगला मुरलेला होता. १९७० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश मलेरियामुक्त ठरवला. त्यानंतर काही वर्षांतच या शहरात मुद्दाम मलेरियाचा परजीवी वाढवायला, मुद्दाम डास पाळायला आणि त्या दोघांची मुद्दाम गाठ घालून द्यायला सुरुवात झाली. मी त्याच कामावर आहे. लस शोधणारे शास्त्रज्ञ वेगळे. त्यांची लस चालते की नाही हे डासांना विचारून सांगणाऱ्यांतली मी.

सकाळी ७:४०

काम डासांपासून नाही, परजीवीपासून सुरू होतं. प्लास्मोडियम फाल्सिपेरम काचेच्या बाटल्यांत, माणसाच्या तांबड्या पेशींमध्ये, ३७ अंशांवर वाढत असतो. या बाटल्या एका कलत्या तबकावर असतात. ठरल्या वेळी तबक कलतं, वरचा जुना द्रव ओढला जातो, नवा सोडला जातो. दिवसातून दोनदा, रविवारीसुद्धा. हे यंत्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याच शहरात तयार झालं. त्याआधी माणसं पाळीपाळीने हेच हाताने करायची. वरून सोडायची हवाही साधी नाही. ऑक्सिजन ३ टक्के, कार्बन डायऑक्साइड ४ टक्के, बाकी सगळा नायट्रोजन. १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी हा परजीवी शरीराबाहेर सतत वाढवून दाखवला, तेव्हा ऑक्सिजन कमी करण्यासाठी त्यांनी बंद भांड्यात चक्क मेणबत्ती लावली होती. ती विझायला आली की हवा तयार. आज आमच्याकडे सिलिंडर आहेत, नळ्या आहेत, धोक्याची घंटा आहे. पण तत्त्व त्या मेणबत्तीचंच.

आमच्या परजीवीचं नाव एनएफ-५४. तो सापडला स्खिपोल विमानतळाजवळ राहणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तात. हा माणूस कधी देशाबाहेर गेलेला नव्हता. विमानातून आलेला एखादा डास त्याला चावला असणार, एवढाच अर्थ निघतो. त्या रक्तातला परजीवी जगभरच्या प्रयोगशाळांत गेला. त्याच्याच एका शाखेचा, थ्री-डी-सेव्हनचा, संपूर्ण जनुकसंच २००२ साली वाचून झाला. सुमारे ५,३०० जनुकं भरली. आणि आज घाना, केनिया, मलावीतल्या बाळांना जी आरटीएस,एस लस देतात, तिच्यात या परजीवीच्या अंगावरच्या एका प्रथिनाचा तुकडा आहे. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट बनवते त्या आर-२१ लसीतही त्याच प्रथिनाचा तुकडा. रोज सकाळी बाटली उचलताना मला याची गंमत वाटते. विमानतळाच्या कुंपणाशेजारी कुणालातरी आलेला ताप किती लांब पोहोचला!

तबकावरची आजची बाटली दोन आठवड्यांपूर्वी लावलेली आहे. मधल्या दिवसांत बहुतेक परजीवी पेशी फोडून नव्या पेशींत शिरत राहतात. थोडे मात्र तो नाद सोडून नर आणि मादी होतात. त्यांना आम्ही गॅमेटोसाइट म्हणतो. माणसाला आजारी करणं हे यांचं काम नाही. चंद्रकोरीच्या आकाराचे हे जीव फक्त डासाची वाट बघतात. त्यांना पिकायला दहा-बारा दिवस लागतात. घाई चालत नाही. निधी देणारी संस्था विचारते, ‘निकाल लवकर देता येईल का?’ विचारायला हरकत नाही. उत्तर परजीवी देतो.

सकाळी ८:३०

पंगत बसवण्याआधी जेवण नीट शिजलंय का ते बघावं लागतं. बाटलीतला एक थेंब काचपट्टीवर घेते, आणि तो ३७ अंशांवरून खोलीच्या तापमानाला येऊ देते. परजीवीच्या दृष्टीने एवढंच पुरे असतं. अंगातून निघून डासाच्या थंड पोटात आलो, असं त्याला वाटतं.

दहा-पंधरा मिनिटं काही होत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींचा एखादा घोळका अचानक थरथरायला लागतो. मधल्या नर गॅमेटोसाइटमधून आठ बारीक धागे बाहेर फेकले जातात आणि चाबकासारखे फटकारे मारत सुटतात. प्रत्येक धागा म्हणजे एक शुक्राणू. १८८०च्या ६ नोव्हेंबरला अल्जीरियातल्या कॉन्स्टँटीनमध्ये फ्रेंच लष्करी डॉक्टर आल्फोन्स लॅव्हरां यांनी एका सैनिकाच्या रक्तात हेच फटकारे पाहिले, आणि मलेरिया खराब हवेने नव्हे तर जिवंत प्राण्याने होतो हे त्यांना कळलं. त्यांना योगायोगाने दिसलं ते मी घड्याळ लावून बघते. तरी दर वेळी मान पुढे जातेच.

आज फटकारे भरपूर आहेत. फोन करून सांगते, ‘चालू करू.’ नसते, तर दोन आठवडे वाया, बाटली फेकायची आणि पुढच्या मंगळवारच्या बाटलीवर भिस्त.

सकाळी ९:००

डासघरात जायला तीन दारं आहेत. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मधल्या जागेत जाळी, आरसा आणि पांढऱ्या भिंती. अंगावर कोटही पांढराच, म्हणजे त्यावर बसलेला डास लगेच दिसतो. आत २६ अंश आणि मुंबईच्या जूनइतका दमटपणा. बाहेर हिवाळ्यात उणे तापमान असताना इथे चष्म्यावर धुकं धरतं.

ट्रेमधल्या पाण्यात अळ्या आहेत. त्यांना माशांचं खाद्य घालायचं, तेही बेतानं. जास्त पडलं तर पाण्यावर साय धरते आणि सगळ्या गुदमरतात. कमी पडलं तर डास खुरटे निघतात, आणि खुरटी मादी प्रयोगाला नालायक. कोष ड्रॉपरने वेचून पिंजऱ्यात ठेवायचे. प्रौढ डासांसाठी साखरपाण्यात भिजवलेला कापूस. ज्या माद्या आज जेवणार आहेत त्यांचा कापूस काल संध्याकाळीच काढला. भूक लागलेली असली पाहिजे.

हे डास ॲनोफिलीस स्टीफेन्सी जातीचे. मुंबई, पुणे, पणजीकरांनी ओळख करून घ्यायची गरज नाही, हा आपलाच. गच्चीवरची टाकी, झाकण नसलेली विहीर, बांधकामावर साचलेलं स्वच्छ पाणी या त्याच्या आवडत्या जागा. शहरात मलेरिया पसरवणारा भारतातला मुख्य डास हाच. इथला वाण सिंध आणि कसूर या भागांतला म्हणून त्याच नावाने ओळखला जातो. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून इथल्या लोकांनी तो असा केला, की परजीवी त्याच्या पोटात हमखास रुजावा. अलीकडे या डासाची बातमी वेगळ्या कारणाने येते. २०१२ साली तो आफ्रिकेत जिबूतीमध्ये सापडला, मग इथिओपियात. तिथला जुना मलेरियाचा डास खेड्यात, पावसाच्या डबक्यांत वाढणारा. हा शहरी, बारमाही. आफ्रिकेच्या शहरांना आपल्याकडून गेलेली ही भेट चांगली नव्हे.

सकाळी १०:१५

आता पंगत. दिवसातला हा तास सगळ्यांत महत्त्वाचा. या तासात माझ्याशी कुणी बोलत नाही.

काचेच्या छोट्या वाट्या एका रांगेत उलट्या टांगलेल्या असतात. त्यांच्या दुहेरी भिंतींमधून गरम पाणी फिरतं, म्हणजे आतलं रक्त अंगाइतकं उबदार राहतं. वाटीच्या तोंडावर पातळ पडदा ताणून बसवलेला. हीच डासांसाठी कातडी. प्रत्येक वाटीखाली जाळी लावलेला एकेक कप, कपात भुकेल्या माद्या.

वाटीत तीन गोष्टी जातात. बाटलीतले पिकलेले परजीवी, ताज्या तांबड्या पेशी आणि कुणाच्या तरी रक्ताचा सीरम. या ‘कुणाच्या तरी’साठीच सगळा खटाटोप. हे सीरम लसीच्या चाचणीतल्या स्वयंसेवकांचे आहेत; काही इथल्या, काही बुर्किना फासोतल्या. नळीवर फक्त क्रमांक. लस कुणाला मिळाली, कुणाला नाही, किती डोस झाले, मला काही माहीत नाही, माहीत असूही नये. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी मोजताना डोळा आशेच्या बाजूला झुकतो.

ही लस कशी चालते ते सांगायला हवं, कारण ती नेहमीच्या लशींसारखी नाही. जिला ती टोचतात त्या व्यक्तीचा ताप ती थांबवत नाही. त्या व्यक्तीच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, आणि डास चावला की रक्ताबरोबर ती डासाच्या पोटात जातात. तिथे नर-मादी गॅमेटोसाइट पेशी फोडून बाहेर पडतात, त्या क्षणी त्यांच्या अंगावरची काही प्रथिनं उघडी होतात. पीएफएस-२३०, पीएफएस-४८/४५ ही त्यांची नावं. प्रतिपिंडं त्यांना धरतात आणि मिलन मोडतं. परजीवी डासाच्या पोटातच मरतो. म्हणजे लस माझ्या दंडावर, फायदा शेजारच्या घरातल्या बाळाला. गावातल्या बहुतेकांनी घेतली तरच हिचा उपयोग. स्वतःला काहीच मिळणार नाही अशी लस लोक घेतील का, हा प्रश्न मला कायम विचारतात. माझ्या मते लोकांना आपण समजतो त्यापेक्षा हे लवकर कळतं. पण ती एकटी देण्याऐवजी ताप थांबवणाऱ्या लशीबरोबर एकत्र देणंच शहाणपणाचं. भुवनेश्वरच्या आयसीएमआर केंद्राची ‘ॲडफॅल्सीवॅक्स’ त्याच विचाराची आहे, एकाच लशीत दोन्ही टप्प्यांवर मारा. तिचा माणसांवरचा अनुभव यायचा आहे, तोवर टाळ्या राखून ठेवलेल्या बऱ्या.

सीरम वितळवताना एक बारीक गोष्ट सांभाळावी लागते. रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं असतात, प्रतिपिंडांनी पकडलेल्याला भोक पाडून मारणारी. ती नाजूक. ५६ अंशांवर अर्धा तास गेला की निकामी. पीएफएस-२३०वरची कित्येक प्रतिपिंडं या मदतनीसाशिवाय नुसतीच पकडून बसतात, मारत नाहीत. म्हणून ताज्या सीरमची वाटी आणि गरम करून गार केलेल्या सीरमची वाटी, दोन्ही भराव्या लागतात. आणि हे सगळं झपाझप, कारण परजीवी थंड झाला की त्याचे शुक्राणू वाटीतच सुटतात आणि डासाच्या पोटात पोहोचायच्या आत खेळ संपतो. पिपेट गरम, नळ्या गरम, टेबलावरची पट्टी गरम. घाम माझा.

पहिली मादी पडद्याला टेकते, मग दुसरी, मग सगळ्या. पोटं लाल होऊन फुगतात. पंधरा मिनिटांत उरकतं. न जेवलेल्या माद्या वेचून काढाव्या लागतात. उपाशी मादीच्या पोटात परजीवी नसणारच. तिला हिशेबात धरलं तर लशीला फुकटचं श्रेय मिळेल.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस हेच करत होते, फक्त त्यांच्याकडे वाट्या नव्हत्या. हुसेन खान नावाचा रुग्ण मच्छरदाणीत झोपायचा आणि आत सोडलेले डास त्याला चावायचे. दर डासामागे एक आणा. २० ऑगस्टला त्यांतल्या एका डासाच्या पोटाच्या भिंतीत रॉसना काळे ठिपके असलेल्या पेशी दिसल्या. रॉसना नोबेल मिळालं. हुसेन खानाचं रक्त नसतं तर त्या मच्छरदाणीतून काहीच निघालं नसतं, हे मात्र पाठ्यपुस्तकात ओळभरही येत नाही.

दुपारी १२:४५

डच माणूस दुपारी ब्रेड आणि चीज खातो आणि त्याला जेवण म्हणतो. माझ्या डब्यात कालची भाजी-पोळी. मुंबईत सव्वाचार वाजलेले असतात, आईचा चहा झालेला असतो.

‘‘काय गं, जेवले का तुझे डास?’’

‘‘जेवले. तू काय करतेस?’’

‘‘पालिकेचा माणूस आला होता गच्चीवरची टाकी बघायला. वरच्या मजल्यावरच्या काकांनी झाकण उघडं टाकलेलं, त्यांना सोसायटीसमोर बोलला. इथे औषध मारून मारतात, तू तिकडे साखर घालून वाढव!’’

आईचं म्हणणं खोटं नाही. मुंबईत हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा अहवाल लिहिला, त्यात घरोघरच्या विहिरींतल्या याच स्टीफेन्सी डासावर बोट ठेवलं होतं. विहिरी बुजवा, नाहीतर झाका, असं म्हणताच लोक खवळले. विहिरीचं पाणी पूजेला लागतं, श्रद्धेचा प्रश्न आहे. अर्ज-विनंत्या झाल्या. आता विहिरींच्या जागी टाक्या आल्या. भांडण तसंच.

दुपारी १:३०

सकाळी जेवलेल्या माद्यांचा निकाल आज नाही. आज गेल्या मंगळवारच्या पंगतीतल्या माद्या उघडायच्या. सात दिवस त्यांना २६ अंशांवर साखरपाण्यावर ठेवलंय. या काळात पोटात मिलन झालं असेल, तर परजीवी पोटाची भिंत भेदून बाहेरच्या बाजूला गोल पुटकुळी करून बसतो. तिला ऊसिस्ट म्हणतात. ऊसिस्ट मोजणं हे माझं दुपारचं काम.

सातवा दिवस का? त्याआधी ऊसिस्ट इतके लहान की नजरेतून निसटतात. आणखी आठवडा थांबलं तर ते फुटून हजारो स्पोरोझोइट, म्हणजे माणसात शिरणारी परजीवीची रूपं, डासाच्या लाळेत जातात आणि मग ती मादी खरोखर धोकादायक होते. सातव्या दिवशी ती उघडायला सुरक्षित असते, चावली तरी मलेरिया होत नाही. तशा धोकादायक माद्याही या इमारतीत असतात. त्या वेगळ्या खोलीत, डोकी मोजून. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही.

कप फ्रीजमध्ये ठेवला की माद्या गार पडतात. मग एकेकीला अल्कोहोलमध्ये बुडवून काचपट्टीवरच्या थेंबात आडवी करते. डाव्या हातातल्या सुईने छाती धरायची, उजव्या सुईने पोटाचं शेवटचं टोक अलगद ओढायचं. घाई केली तर आतडं तुटतं, फार हळू ओढलं तर दुमडतं. सुरुवातीला महिनाभर नुसत्या तुटलेल्या आतड्यांचा ढीग होतो, प्रत्येकाचाच होतो. मग कधीतरी हाताला कळतं. पोट स्वच्छ बाहेर येतं, त्याला मर्क्युरोक्रोमचा लाल थेंब द्यायचा, वर काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचं. ऊसिस्ट रंग धरतात, आत काळ्या रंगद्रव्याचे कण दिसतात. रॉसनी पाहिले ते हेच कण.

एका वाटीमागे वीस माद्या. एक, दोन, सतरा, शून्य, नऊ. प्रत्येक मादीमागे एक आकडा, आकडे कागदावरही आणि संगणकातही. ज्या कपाला साधा, लस न घेतलेल्या माणसाचा सीरम दिला होता, त्यात समजा सरासरी वीस ऊसिस्ट निघाले आणि क्रमांकाच्या कपात दोन, तर त्या सीरमने नव्वद टक्के रोखले. एवढंच गणित. पण वीसच माद्या, त्यांची भूक वेगळी, नशीब वेगळं. म्हणून एका मंगळवारच्या निकालावर कुणी विश्वास ठेवत नाही, तोच सीरम पुन्हा पंगतीला बसतो.

आजच्या एका क्रमांकात ओळीने शून्य येताहेत. सहकारी माझ्या कागदाकडे बघते, भुवया उंचावते, काही बोलत नाही. मीही नाही. शून्य म्हणजे लस चालली, असंही असेल. किंवा तो स्वयंसेवक मलेरियाच्या गोळ्या घेत असेल आणि औषध सीरममध्ये उरलं असेल. आधी ते तपासायचं.

दुपारी ४:००

आठवड्याची बैठक. आज एका नव्या शास्त्रज्ञाने वृत्तपत्राचं कात्रण लावलं: आरटीएस,एस ३६ टक्के, आर-२१ ७५ टक्के, म्हणजे दुप्पट चांगली. इथे माझा आवाज चढतो. ३६ हा आकडा चार वर्षांचा, सात आफ्रिकी देशांतल्या मुलांवरचा. ७५ हा पहिल्या वर्षाचा, तोही पावसाळ्याच्या तोंडावर टोचलेल्या मुलांतला. वर्षभर मलेरिया असलेल्या ठिकाणी तो ६८ होता. आरटीएस,एसचा पहिल्या वर्षाचा आकडा बघाल तर ५६च्या आसपास येतो. वेगवेगळ्या फुटपट्ट्या घेऊन दोन भिंती मोजायच्या आणि उंचीवरून वाद घालायचा, हा काय प्रकार? आर-२१ची खरी ताकद वेगळी आहे. ती स्वस्त आहे आणि पुण्यात वर्षाला कोट्यवधी डोस बनू शकतात. ज्या रोगाने २०२३ साली सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं मारली, त्यातही बहुतेक आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं, तिथे मिळणारी लस ही कागदावरच्या सरस लशीपेक्षा मोठी. आरटीएस,एसची सुरुवात १९८०च्या दशकातली, शिफारस २०२१ची. मधली तीसेक वर्षं बहुतेक पैशाची आणि हिमतीची वाट बघण्यात गेली, विज्ञानाची नव्हे.

दोन्ही लशींचं दुखणं मात्र एकच. प्रतिपिंडं उतरतात. डास चावला की स्पोरोझोइट अर्ध्या-एक तासात यकृतात पोहोचतात. तेवढ्यात रक्तात पुरेशी प्रतिपिंडं नसतील तर गाडी सुटली. यकृतात शिरलेला एकच परजीवी आठवड्याभरात हजारो होऊन बाहेर पडतो. म्हणून चौथा डोस, म्हणून पुढच्या लशींचा शोध.

त्या शोधातल्या एका कामाला डासघरवाले विशेष जीव लावतात. लायडन शहरातल्या आणि इथल्या लोकांनी परजीवीचं एक जनुक काढून टाकलं. असा परजीवी यकृतात जवळजवळ शेवटपर्यंत वाढतो आणि तिथेच थांबतो. रक्तात येत नाही, ताप देत नाही, शरीराला मात्र त्याची पूर्ण ओळख होते. तो द्यायला सुई नव्हती. डासच चावले, दर वेळी ५०, तीन वेळा. नंतर खऱ्या परजीवीला सामोरं जाताना ९ पैकी ८ जण वाचले. निकाल २०२४ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या अभ्यासात एकाच वेळच्या ५० चाव्यांनी १० पैकी ९ जण. माणसं मोजकी आहेत, आणि पन्नास डासांचा कप घेऊन कुणी गावोगाव फिरणार नाही. हा परजीवी बाटलीत भरायचा कसा, हा पुढच्या दशकाचा प्रश्न. पण इतके सरळ आकडे या क्षेत्रात क्वचित दिसतात.

बैठकीत कुणी हे बोलत नाही, म्हणून मी लिहिते. ते पन्नास चावे घेणारे बहुतेक विद्यार्थी. हात कपावर ठेवून दहा मिनिटं बसतात, मग कित्येक दिवस रक्त तपासून घ्यायला सकाळ-संध्याकाळ सायकलने येतात. काहींना थंडी-ताप भरतो, रक्तात परजीवी दिसला की लगेच औषध मिळतं. मानधन मिळतं, पण तेवढ्यासाठी कुणी मलेरिया अंगावर घेत नाही.

संध्याकाळी ५:३०

परत डासघर. सकाळच्या पंगतीतल्या माद्यांची पोटं अजून काळपट लाल आहेत. ओला कापूस ठेवते, मेलेल्या मोजते, वहीत लिहिते. तबकावर पुढच्या मंगळवारची बाटली कलते आहे. उघडलेल्या डासांच्या काचा उकळत्या वाफेत. कोट पिशवीत, हात कोपरापर्यंत धुवायचे. आरशात मागे-पुढे बघून तीन दारांतून बाहेर.

आजचे आकडे कुलूपबंद संगणकात गेले. क्रमांकांची नावं महिन्यांनंतर उघडतील.

संध्याकाळी ७:००

घरी आल्यावर आईचा निरोप दिसतो: टाकीला नवं झाकण बसलं, वर्गणी दोनशे रुपये.

मुंबई-पुण्याच्या वाचकांसाठी म्हणून एवढं सांगते. आज वापरात असलेल्या दोन्ही लशी फाल्सिपेरमवरच्या आहेत. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तोच जास्त आहे, पण भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात मलेरियाची लस अजून नाही. शहरातला बराचसा मलेरिया व्हायव्हॅक्सचा, त्यावर वापरात आलेली लसच नाही. व्हायव्हॅक्स यकृतात महिनोन्‌महिने दडून बसतो आणि पुन्हा उठतो. तेव्हा ताप आला तर रक्त तपासून घ्या. डॉक्टरांनी १४ दिवसांचं प्रायमाक्विन दिलं असेल, तर चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका. आणि गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण बघा.